लिन सरांनी वाचवलेली भांडी

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. एसीच्या फिल्टरमध्ये धूळ साठते तसे ते साठत जातात, आणि एखाद्या दिवशी उघडून बघितलं की आपणच म्हणतो, बाप रे, एवढं! ओमानमधल्या सोहारच्या औद्योगिक वसाहतीत, आमच्या सळया बनवणाऱ्या कारखान्यात मला अकरा वर्षं झाली. मी क्वालिटीत आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो! नवरा आणि मुलगी मस्कतला, मदिनत सुलतान काबूसमध्ये असतात. मी रविवार ते गुरुवार सोहारला. त्यामुळे आठवडाभराचा माझा संसार म्हणजे कारखाना, आणि त्या संसारातले निम्मे किस्से एकट्या लिन सरांचे.

लिन सर म्हणजे आमच्या चिनी भट्टीबरोबर आलेले सल्लागार. भट्टी बसली, बाकीचे चिनी इंजिनिअर परत गेले, हे राहिले. सत्तरी ओलांडलेली काटकुळी मूर्ती, हातात कायम चहाचा थर्मास. इंग्रजी सावकाश, एकेक शब्द तोलून. चीनमध्ये क्रांती झाली त्यानंतर चार वर्षांनी यांचा जन्म. म्हणजे पुढे त्या देशात जे जे झालं ते सगळं यांच्या अंगावरून गेलेलं. मुद्दाम विचारलं तर काही सांगायचे नाहीत. कामाच्या ओघात मात्र भसकन बाहेर यायचं.

*

त्यांच्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. आम्ही भंगार वितळवून सळया करतो. यार्डात क्रेनच्या लोहचुंबकाने भंगार उचललं होतं, आणि लिन सर दोन्ही हात हलवत धावत आले. "स्टॉप! स्टॉप!"

भंगारातून बंद सिलिंडर भट्टीत गेला तर स्फोट होतो, हे आमच्याकडे झाडूवाल्यालाही ठाऊक आहे. सायरन वाजला. दीडशे माणसं उन्हात असेंब्ली पॉइंटला जाऊन उभी राहिली. शिफ्ट इनचार्ज सलीम, सोहारचाच ओमानी, एरवी बिनधास्त माणूस, पण त्याच्याही तोंडचं पाणी पळालं होतं. लिन सर त्या ढिगावर चढले, वाकले, आणि दोन्ही हातांनी एक लोखंडी कढई बाहेर काढली.

"हे भंगार नाही," ते म्हणाले. "हे स्वयंपाकघर आहे."

"उस्ताद, तिला भोक पडलंय!" सलीम ओरडला.

"भोक बुजवता येतं."

त्या दिवसापासून यार्डात अलिखित नियमच झाला. तवा, कढई, पातेलं, जे दिसेल ते बाजूला काढायचं आणि लिन सरांच्या ऑफिसात नेऊन द्यायचं. वर्षभरात त्यांच्या फायलींचं कपाट भांड्यांनी भरलं. पुढे बाहेरचे ऑडिटर आले. त्यांनी नेमकं तेच कपाट उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी काय बोलणार? म्हटलं, "जपून ठेवलेले नमुने आहेत." ते म्हणाले, "किती काळ जपायचे असतात?"

लिन सर मागून शांतपणे म्हणाले, "पासष्ट वर्षं तरी."

ऑडिटरने लिहूनही घेतलं!

*

आता चूक-नोंदीच्या फॉर्मचा किस्सा. कारखान्यात काही बिघडलं की माझा एक फॉर्म भरावा लागतो. त्यात 'मूळ कारण' असा रकाना असतो, आणि तो माणसाची परीक्षा बघतो. आमचे प्लँट मॅनेजर पाटणकर साहेब, मूळचे मुंबईचे, त्या रकान्यात अकरा वर्षं एकच शब्द लिहीत आले: 'सप्लायर'. सळी वाकडी, सप्लायर. वीज गेली, सप्लायर. एकदा तर मीटिंगला स्वतः उशिरा आले तेव्हा मी फॉर्म पुढे केला. म्हणाले, "अहो मॅडम, ड्रायव्हर पुरवणारी कंपनी, म्हणजे सप्लायरच की!"

लिन सरांकडून एकदा एक घाणा बिघडला. घाणा म्हणजे भट्टीतला एका खेपेचा माल. त्यांनी फॉर्मला तीन पानं जोडून दिली. 'मी गर्विष्ठ झालो होतो. तापमान बघायच्या वेळी मी चहा पीत होतो. मला वाटलं, मला भट्टीतलं सगळं कळतं.' सगळं असंच! एचआरवाल्यांना वाटलं म्हातारबुवांना नैराश्य आलंय. त्यांनी समुपदेशक बोलावला.

"काही नाही हो," लिन सर मला म्हणाले. "तेरा-चौदा वर्षांचा होतो तेव्हा दर आठवड्याला एक लिहायला लागायचं. सगळ्यांसमोर वाचायचं. चूक केली नसेल तर शोधून लिहायची. माझे वडील शिक्षक. त्यांनी चौकात उभं राहून वाचलं, पाठीमागे त्यांचेच विद्यार्थी." थर्मासचं झाकण फिरवत म्हणाले, "इथे बरं आहे. लिहून झालं की घरी जाता येतं."

मी ती तीन पानं तशीच फाइलला लावली. पुढच्या आठवड्यात सलीमचा फॉर्म आला. मूळ कारण: 'मी मोबाईलवर मॅच बघत होतो.' लिन सरांचं सोडलं तर अकरा वर्षांत मला मिळालेलं ते पहिलं खरं मूळ कारण! मी तो फॉर्म लॅमिनेट करून ठेवलाय.

*

मग आली ती नोटीस. पाटणकर साहेबांच्या सहीची. 'कामगारांच्या कॅम्पमध्ये खोलीत स्वयंपाक करण्यास मनाई. आगीचा धोका. सर्वांनी एकाच मेसमध्ये जेवावे. सर्वांना समान जेवण.' खोल्याखोल्यांतून शेगड्या आणि भांडी गोळा केली. आणि आमचा कारखाना लोखंडाचा, म्हणून लोखंडी भांडी थेट यार्डात!

यात पहिला नंबर लागला रफीकभाईंचा. रत्नागिरीकडचे, पन्नाशीचे. भट्टीच्या आतली वीट लावणारा त्यांच्यासारखा हात अख्ख्या वसाहतीत नाही. त्यांच्या पोटात अल्सर. डॉक्टरने तेल-तिखट बंद केलेलं, म्हणून तांदळाची भाकरी आणि माशाचं फिकं कालवण स्वतः करून खायचे. मेसची तर्रीवाली भाजी त्यांनी आठ दिवस खाल्ली आणि दोन दिवस हॉस्पिटलात काढले. मग साहेबांना पोचवायला म्हणून राजीनामा घेऊन माझ्याकडे आले.

"मॅडम, मना काय भांडाचा नाय. पोट ऐकत नाय तं काय करू? महिनाअखेर जातंय गावाक. पोरीचा नर्सिंगचा शेवटचा वरीस हाय, तेवडा झाला असता तं बरा होता." मग आवाज उतरला. "आणि माजे आयशीचा तवा नेलानी. बिडाचा. तो तरी शोधून द्या."

मला इतका राग आला! पण क्वालिटीच्या बाईचं कोण ऐकतं? मी दोनदा साहेबांकडे गेले. दोन्ही वेळा "आगीचा धोका आहे हो मॅडम" ऐकून परत आले. राजीनामा ड्रॉवरमध्ये ठेवून दिला आणि महिनाअखेरीचे दिवस मोजत बसले.

तवा मात्र सापडला. लिन सर उन्हात तीन तास यार्डात फिरत होते. पण बीड पडलं की फुटतं. मधोमध तडा गेला होता आणि तड्याच्या टोकाला बोट जाईल एवढं भोक.

*

त्याच महिन्यात साहेबांनी फळा लावला: कोणती शिफ्ट किती टन काढणार. सलीमने एक आकडा लिहिला. दुसऱ्या शिफ्टने त्याच्यावर दहा चढवले. सलीम कसला ऐकतोय! "इन्शाल्ला" म्हणून त्याने आणखी वीस चढवले. भट्टीची क्षमता फळ्यावरच्या आकड्याच्या निम्मीही नव्हती, पण साहेब खुशीत.

लिन सर उठले आणि डस्टरने फळा पुसला.

"आमच्या गावाने असंच भाताचं लिहिलं होतं. शेजारच्या गावापेक्षा जास्त, मग त्यांनी आमच्यापेक्षा जास्त. वरून माणसं आली आणि लिहिलं होतं त्या हिशेबाने भात घेऊन गेली."

"मग?" सलीमने विचारलं.

"कागद उरला. माझी धाकटी बहीण दोन वर्षांची होती. ती तीनची झाली नाही."

सलीमने खडू उचलला आणि खरा आकडा लिहिला. त्या महिन्यात आम्ही तो गाठलाही, एकही अपघात न होता.

*

मध्येच एका शुक्रवारी मी लिन सरांना मस्कतला घरी जेवायला नेलं. माझी मुलगी इरा अकरावीत आहे. तिला इतिहासात चीनची क्रांती आहे आणि सोमवारी परीक्षा होती. खुद्द क्रांतीतला माणूस घरी आलेला बघून ती वही घेऊनच बसली. "अंकल, तुम्ही रिअली तिथे होता?"

"होतो. पण हे पुस्तकात येणार आहे, असं मला कोणी सांगितलं नव्हतं."

"लाँग मार्च फाइव्ह मार्क्सला येतो."

"माझे मोठे काका चालले होते. पायाची दोन बोटं गेली. त्यांना एकही मार्क मिळाला नाही!"

इराला हसावं की लिहावं कळेना. तिने विचारलं, "मग रिव्होल्यूशन चांगलं होतं की वाईट?" मी तिला डोळ्यांनी दटावलं, पण लिन सर खरंच विचार करत बसले.

"माझ्या आजीची पावलं लहानपणी, तेव्हाच्या चालीप्रमाणे, बांधून मोडली होती. आईची नाही मोडली. आई सरकारच्या संध्याकाळच्या वर्गात जाऊन लिहायला शिकली, आणि पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं तो कागद तिने भिंतीला लावला. त्याच भिंतीसमोरून माझ्या वडिलांना पकडून नेलं." त्यांनी वरणाचा भुरका मारला. "दोन्ही लिही."

इरा माझ्याकडे वळली. "आई, हे नोट्समध्ये बसत नाही गं."

"नाहीच बसत," मराठी न कळताही लिन सर म्हणाले. बहुधा तिच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं असावं.

*

महिनाअखेरीची मीटिंग. रफीकभाईंचे तीन दिवस उरलेले. शिरस्त्याप्रमाणे आलेले फॉर्म मी मोठ्याने वाचते. सगळ्यात खाली लिन सरांचा होता. मी न बघताच सुरुवात केली.

'चूक: एक कढई. मूळ कारण: मी, वय वर्षं पाच.

'घरोघरचं लोखंड वितळवून देश पोलादाचा करायचा, असं ठरलं. गावाची एकच मेस झाली. सर्वांना समान जेवण, मग घरी भांडं कशाला? आईने कढई लपवली होती. मला जागा माहीत होती. मी ती काढली, टोपीसारखी डोक्यावर घातली आणि भट्टीवर नेऊन दिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या भट्टीतून जे निघालं ते ना लोखंड होतं ना दगड. पुढे मेस बंद पडली. त्या दिवशी घरी चूल होती, कढई नव्हती.

'सुधारणा: बाकी. आई चौऱ्याण्णव वर्षांची आहे. ती माझं नाव विसरते. पण फोनवर विचारते, कढई कुठे ठेवलीस?'

मी फॉर्म टेबलावर ठेवला. सलीम एवढंच म्हणाला, "माझ्या आजीचा रोटीचा तवा मागायला साक्षात मंत्री आला असता ना, तर तिने त्याच तव्याने हाणलं असतं."

पाटणकर साहेबांनी तो फॉर्म उचलून पुन्हा वाचला. मग म्हणाले, "आगीचा धोका खरा आहे हो." त्यांनी फॉर्म खाली ठेवला. "खोलीत नाही चालणार. पण कॅम्पमागचं जुनं गोदाम रिकामं आहे. गॅस बाहेर ठेवता येईल. अग्निशामक लावू." त्यांनी माझ्यापुढे हात केला. "मॅडम, एक कोरा फॉर्म द्या."

मी दिला. त्यांनी भरून परत केला. मूळ कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: 'मी'.

सलीमने टेबलावर हात मारला. "यल्ला! खलास!"

मीटिंग सुटली तशी मी ड्रॉवर उघडून राजीनामा काढला आणि रफीकभाईंना परत दिला.

*

गोदाम तयार व्हायला दोन आठवडे लागले. तेवढ्यात लिन सरांनी आमच्या लॅबची छोटी भट्टी ताब्यात घेतली. तरुणपणी त्यांना दूरच्या एका खेड्यात शेतकाम करायला धाडलं होतं, तिथे ते एका फिरत्या कल्हईवाल्यासारख्या माणसाकडून फुटकी कढई सांधायला शिकले. सांधायला बीड हवं होतं. त्यांनी कपाट उघडलं, बराच वेळ बघत उभे राहिले, आणि सगळ्यात फुटका तवा उचलला. आयुष्यात दुसऱ्यांदा त्यांनी भांडं भट्टीत दिलं. रफीकभाईंनी तवा धरला, लिन सरांनी ओल्या राखेच्या गादीवर वितळलेला थेंब घेऊन तो भोकाला खालून दाबला. असे नऊ थेंब. तवा दिसायला काही बरा झाला नाही, पण पाणी ओतलं तर गळेना!

स्वयंपाकघर सुरू झालं त्या गुरुवारी दुपारी सगळे जमले. कपाटातली सगळी भांडी तिथल्या फळीवर मांडली होती. रफीकभाईंनी पहिली भाकरी टाकली. ती टम्म फुगली आणि दीडशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या ऐकून लिन सर एकदम बाजूला झाले आणि त्यांनी गावी फोन लावला, व्हिडिओवर. पलीकडे पुतणीने फोन धरला होता. उशीला टेकून बसलेल्या एक एवढ्याशा आजी दिसल्या. लिन सरांनी फोन तव्यावर धरला.

आजी डोळे बारीक करून बघत राहिल्या. मग काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणतात त्या?" मी विचारलं.

"विचारते आहे, सापडली का?"

रफीकभाईंचा हात भाकरीवरच थांबला. मी त्यांना मराठीत सांगितलं. "अवो चाचांना म्हना, सांगा ना!" ते म्हणाले. "सापडली म्हनून सांगा!"

लिन सर फोनमध्ये बोलले. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "सांगितलं, हो. भोक होतं, बुजवलं."

आजी हसल्या. बोळकं तोंड भरून हसल्या, आणि पुतणीला हाक मारून काहीतरी फर्मावलं.

"आता काय म्हणाल्या?"

लिन सरांनी चष्मा काढून पुसला.

"म्हणाली, मग आज घरीच जेवू."