काकूंचा ताप

प्रयोगशाळेत सगळे त्यांना काकू म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठे असलेले संचालकसुद्धा. काकूंच्या नाकावर सदा राग. पण काचेच्या बाटलीशी बोलायला लागल्या की बाई एकदम मऊ!

काकू औषधाचा एक रेणू घडवत होत्या. हा रेणू हातमोज्यांसारखा डावा आणि उजवा अशा दोन रूपांत होतो, आणि उपयोगाचा फक्त उजवा. अभिक्रिया घडवायला एरवी लागणारा महागडा धातू नको. साध्या सेंद्रिय उत्प्रेरकाला निळ्या दिव्याने जागं करायचं आणि त्याच्याकडून फक्त उजवेच घडवून घ्यायचे, हा त्यांचा ध्यास. जिवाचं रान केलं, तरी दरवेळी निम्मे डावेच निघत. संचालकांनी सांगून टाकलं होतं, महिनाअखेरपर्यंत जमलं नाही तर ही खोली दुसऱ्यांना जाईल.

काकूंची एक खोड होती. शिजणारं, उकळणारं, वाळणारं काहीही उघडून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. बाटली आणि दिवा काळ्या कापडाखाली असत, येता-जाता ते कापड उचलून त्या विचारत, "काय गं बाई, चाललंय ना नीट?"

मग एकदा काकू तापाने आडव्या झाल्या. प्रयोग त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या मुलीने केला, आणि दोन दिवसांनी तिचा फोन आला.

"काकू, जवळजवळ सगळे उजवे!"

"वेगळं काय केलंस?"

"काहीच नाही." ती जरा घुटमळली. "म्हणजे... तुम्ही नव्हता."

काकूंना कळायला वेळ लागला नाही. कापड उचललं की खिडकीतलं ऊन बाटलीवर पडे, आणि उन्हात रेणू उत्प्रेरकाची वाट न बघता आपले आपणच बनत, डावे-उजवे सरमिसळ. त्यांना फार वाईट वाटलं, मग खूप हसू आलं.

"माझ्याच मायेनं घात केला की गं!"

"उद्या पुन्हा करून दाखवायचंय. संचालक येणार आहेत. तुम्ही या ना."

काकूंचे हात शिवशिवले. पण त्या स्वतःला पुरत्या ओळखून होत्या.

"नाही गं. ताप उतरलाच नाही अजून."

शेजारी बसलेल्या नवऱ्याने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. "अगं, गार तर आहेस!"

"गप्प बसा हो," फोनवर हात ठेवून काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "मी आजारी आहे."