चाकांवरचं घर आणि चिऱ्याचं घर

पुंडलिक,

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी कुवेतमधल्या एखाद्या साध्या माणसावर लिहा, असं मला सांगितलंय. तुमच्याबद्दल लिहायचं तर तुमच्या पाठीमागे कशाला, म्हणून तुम्हालाच लिहिते. शेवटपर्यंत वाचा, कामाचं शेवटी आहे.

तुम्ही पहिल्यांदा आमच्या मंगफच्या फ्लॅटवर आलात ते ओट्याखालच्या कपाटाची बिजागरी निखळली म्हणून. इमारतीच्या देखभालीचं काम तुमच्या कंपनीकडे. मी जेवणाच्या टेबलाशी नातीवर, जुईलीवर, डाफरत होते. तिच्या शाळेत अमेरिकेच्या इतिहासाचा प्रकल्प, आणि मी तीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवलेली. १८६२चा कायदा समजावत होते: पश्चिमेकडे जा, एकशेसाठ एकर घ्या, घर बांधा, जमीन कसा, पाच वर्षं राहा, दोन साक्षीदार आणा, जमीन तुमची.

"सो बोअरिंग, आजी," जुईली म्हणाली.

तोंडातले दोन स्क्रू हातावर काढून तुम्ही म्हणालात, "पाचच वर्षांत? माझी इथं सव्वीस झाली, बाई. दर खेपेला राहायचा परवाना, इकामा, तेवढा नवा मिळतो."

मग बिजागरी राहिली बाजूला. "तिथं आधी कोण राहत नव्हतं काय?"

"राहत होते. त्यांना हाकललं."

"म्हणजे दुसऱ्याचं घेतलं नि वाटलं. दानशूर सरकार!"

इतक्या लवकर तिथे पोचलेला विद्यार्थी मला आठवत नाही. पण तुमचा खरा प्रश्न पुढेच होता. माळरानात झाड नाही, मग दारं-खिडक्या कशाच्या? मला येत नव्हतं. चिडचिड झाली आणि शोधून काढलं.

पुढच्या वेळी फुगलेलं दार घासायला आलात तेव्हा सांगितलं. आधी गवताच्या मुळांसकट मातीची ढेपळं कापून भिंती रचल्या. मग रेल्वे आली, तिनं लांबून कापीव लाकूड आणलं. कारखान्यात यंत्रावर खिळे निघायला लागले. त्याआधी लोहार एकेक खिळा ठोकायचा. पूर्वी तर काही लोक गाव सोडताना जुनं घर जाळायचे, राखेतून खिळे वेचायला.

तुम्ही रंधा खाली ठेवून हसत सुटलात. "माझा चुलता वाकडा खिळा सरळ करून वापरायला लावायचा. नवा मागितला तर हातोडीचा दांडा हातावर!"

असं एकेका दुरुस्तीला तुमचं एकेक पान मला मिळत गेलं. राजापूरजवळचं गाव, चुलत्याच्या हाताखाली शिकलेलं सुतारकाम, मुंबईत फर्निचरच्या कारखान्यात बारा-बारा तास, बत्तिसाव्या वर्षी कुवेत, फहाहीलच्या खोलीत सहा जण. त्या बारा तासांवरूनच तुम्ही विचारलंत, "अमेरिकेत आठ तास कोणी केले?"

"कामगारांनी मागितले. संप केले, मार खाल्ला, पन्नास वर्षं मागत राहिले. मग कायदा झाला."

"म्हणजे न मागता कोण देत नाय," तुम्ही म्हणालात आणि दार घासायला लागलात.

गावाकडे तुम्ही जांभ्या चिऱ्याचं चार खोल्यांचं घर बांधलंत. दारं स्वतः केलीत, चार रजा खर्चून. त्यात किती रात्री झोपलात, असं मी विचारलं. "शंभर नसतील," म्हणालात. जूनमध्ये तुमचं इथलं काम संपणार होतं आणि तुम्हाला एकच चिंता होती. तुमच्या पत्नी गंगूबाई विरारला मुलाकडे, मुकेशकडे राहतात आणि गावच्या घरी यायचं नावच काढत नाहीत. एकट्यानं त्या घरात काय करायचं?

त्याच सुमारास मी तुम्हाला तिथल्या लबाडांची गोष्ट सांगितली. काही जण चाकांवरचं घर करायचे. ते ओढत आज या जमिनीवर, उद्या त्या जमिनीवर न्यायचं, आणि साक्षीदारांनी शपथ घ्यायची की हो, जमिनीवर घर आहे! तुम्ही आठवड्यात लाकडाचं वीतभर घर करून आणलंत, चाकांसकट, दाराला खरी बिजागरी. जुईलीनं ते टेबलभर फिरवलं. "इट रोल्स, आजी!" प्रकल्प शाळेनं ठेवून घेतला.

ते घर आणलंत त्याच दिवशी गंगूबाईंचा फोन आला आणि तुम्ही तो स्पीकरवर टाकलात.

"त्या अमेरिकावाल्या बाई काय?" त्यांनी विचारलं. "काय ओ, तिथं बायांना देत होते जमीन?"

"एकटीला द्यायचे, विधवेला द्यायचे. नवऱ्याबरोबर नांदणारीला नाही."

"म्हणजे नवरा मरायला पायजे!"

तुम्हाला चहाचा ठसका लागला.

"मतही नव्हतं," मी म्हटलं. "पश्चिमेच्या एका प्रांतात १८६९ला दिलं. सगळ्या देशात व्हायला आणखी एक्कावन्न वर्षं गेली."

"मला एवढा वेळ नाय," गंगूबाई म्हणाल्या. "बाई, सासऱ्याच्या घरात मी वीस वर्षं चूल पेटवली. ते दिराच्या नावावर झालं नि एका सकाळी मला म्हणाले, भांडी उचल. आता ह्या नव्या घराच्या उताऱ्यावर पण एकट्या ह्यांचंच नाव. परत दुसऱ्याच्या घरात नाय जायची मी. माझं नाव लावा, दुसऱ्या दिवशी येते."

"हे मला कधी बोलली नाहीस," तुम्ही म्हणालात.

"तुम्ही दारांना पॉलिश कुठलं ते सांगत होतात. विचारलंत कधी?"

अर्ज मीच लिहिला, आमच्या टेबलावर. घराच्या उताऱ्यावर पत्नीचे नाव लावावे. तुम्ही सावकाश सही केलीत. फेब्रुवारीत मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला जाणार होते. "ग्रामसेवकाच्या हातातच द्या, बाई. पोस्टानं गेलं की पडून राहतं. आणि जमलं तर घर बघून या." मी म्हटलं, "स्वतः जाईन." मोठ्या ऐटीत म्हटलं.

जाणं झालं नाही. डोळ्याचं कारण खरं आहे, पण अर्धंच. आधी डॉक्टर नको म्हणाले, मग बसचा प्रवास नको वाटला, मग पुढचा आठवडा, आणि मग विमानाचा दिवस आला. मी परतले तेव्हा तुमची बदली उत्तरेकडच्या साइटवर झाली होती. तुम्ही फोन केलात. मागे ड्रिलचा आवाज चालू होता. "दिलात काय ओ अर्ज?"

मी म्हटलं, "दिला."

चाकांवरच्या घराची शपथ घेणाऱ्या साक्षीदारांना मी जुईलीसमोर काय काय नावं ठेवली होती, ती तुम्ही ऐकलीत. परवा तुमचा निरोप आला की तुमचं विमान नऊ तारखेला आहे, आणि नाव लागलं असं धरून गंगूबाईंनी भांडी बांधलीत, आठलाच गावी पोचून घर झाडून ठेवणार आहेत.

त्यांना आजच सांगा. नंतर मला काय बोलायचं ते बोला. अर्ज माझ्या निळ्या फाइलमध्ये आहे, तुमची सही आहे तशी. ग्रामसेवकापर्यंत तो गेलाच नाही. आणि घर मी पाहिलेलं नाही.