बंबाची तोटी

नव्वदच्या दशकात जुईनगरच्या एका खोलीत आम्ही सातजण राहायचो. सगळे साताऱ्याकडचे, मार्केटात माथाडी. अंघोळीला तांब्याचा बंब होता. आमच्यातल्या सर्वांत थोरल्या अण्णांनी तो गावाहून आणलेला. फळांच्या तुटक्या पेट्या जळणाला मिळायच्या. बंब पेटवणं आणि राख काढणं माझ्याकडे होतं.

एका सकाळी, आदल्या दिवशीचं पाणी आत असेल असं धरून मी बंब पेटवला. थोड्या वेळानं कसला तरी वास आला. तोटीच्या जोडाचा डाख वितळून ती खाली पडली होती. बंब कोरडा होता.

"पाणी न बघताच पेटवलास?" अण्णांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो. मला त्यांच्याकडे बघवेना.

अण्णा म्हणाले, "काल धुवायला मीच रिकामा केला. तुला सांगायचं राहिलं."

डाख देणारा आठ दिवसांनी सापडला. तोवर सगळ्यांनी थंड पाण्यानं अंघोळ केली. मला कुणी एका शब्दानंही बोललं नाही. तरी ते आठही दिवस मी सगळ्यांच्या शेवटी अंघोळीला गेलो.