फुलांच्या चिठ्ठ्या

“आधी बसा, मग बघा,” असं म्हणत ते फुलापुढे उकिडवे बसत. उभ्याने फूल बघणं त्यांना पसंत नसे.

आमच्या कॉलेजात ते वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेचे शिपाई होते. तुमच्याही कॉलेजात असं कुणी असेल. शहराच्या लष्कर भागात ते आमच्याच गल्लीत राहत. घरी मला बाळू म्हणत, कॉलेजात मात्र ‘साहेब’. मला संकोच वाटे. ते म्हणत,

“अरे, तुमच्या घरातून इथवर पोचलेला तूच पहिला. लोकांना कळू दे ना!”

संस्थान विलीन होऊन नवं राज्य आलं होतं. खाती एकत्र होत होती. प्रयोगशाळेत शिपाई दोन, जागा एकच उरणार होती. कुणाला ठेवायचं ते नवे प्राध्यापक ठरवणार होते. हे मला ठाऊक होतं.

फाल्गुनात आम्ही शहराबाहेरच्या डोंगरावर रानफुलं बघायला गेलो. ते पुढे, आम्ही धापा टाकत मागे.

“धीरे चला हो! फुलं काय टांगा पकडून चाललीत?” मागून एक मुलगा ओरडला.

पिवळ्या, काटेरी फुलापाशी ते थांबले. “ही सत्यानाशी. नाव बघा बिचारीचं! हिने कुणाचं काय बिघडवलंय?”

त्यांना लिहिता येत नसे. ते नावं सांगत गेले, मी चिठ्ठ्या लिहीत गेलो.

माथ्यावर सरांनी, म्हणजे त्या नव्या प्राध्यापकांनी, चिठ्ठ्या चाळल्या. “उत्तम! ही फुलं ओळखली कुणी?”

ते शेजारीच मुलांना पाणी देत होते. त्यांचा हात थांबला. मोठ्या घरची मुलं पहिल्यांदाच माझ्याकडे बघत होती.

“मी, सर.”

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. ते लगेच म्हणाले, “हो साहेब, पोरगा फार हुशार आहे. मी नुसतं पाणी आणलं.”

उतरताना मी मुद्दाम मागे राहिलो. तेही रेंगाळले. “जोडा चावतोय का रे, बाळू?”

मी हो म्हणालो. तेही खोटंच.

जागा दुसऱ्या शिपायाला मिळाली. ते शहरापलीकडच्या मुरारला भावाकडे राहायला गेले. मी एकदा मुरारच्या बाजारापर्यंत गेलो आणि कुणाला घर न विचारताच परतलो.

पुढच्या फाल्गुनात त्याच डोंगरावर सर म्हणाले, “तू पुढे हो. तुला सगळं येतं.”

खडकाच्या फटीत एक बारीक निळं फूल होतं. नव्या मुलीने नाव विचारलं. सगळे पेन्सिली धरून थांबले. ते नाव मला कुणी सांगितलेलं नव्हतं. सरही वही उघडून माझ्याकडे बघत होते.