काकांच्या अंगणात बंद न होणारा ट्रक

फजितीच ऐकायची आहे ना? मग माझ्याकडूनच ऐका. आमची ही सांगते तेव्हा मी फारच खुळा वाटतो.

मी बोटीवर नोकरीला होतो हे तुम्हाला ठाऊक आहे. बोटीवर करत काय होतो, हे गावात कोणी विचारलं नाही आणि मीही आपणहून सांगितलं नाही. मी होतो भटारखान्यात. पण बोटीवरून आलेल्या माणसाला इंजिनातलं कळतंच, अशी आमच्याकडे ठाम समजूत. कोणाच्या बागेतला पंप अडला की मला बोलावणं. मी पंपाभोवती एक फेरी मारून गंभीरपणे म्हणायचो, "तेल बघा." एकदा खरंच तेल संपलेलं निघालं. झालं! माझं नाव झालं!

नोकरी सुटल्यावर मी एक जुना ट्रक घेतला. पावसला हिचे काका राहतात, त्यांची हापूसची मोठी बाग. त्यांच्या आंब्याच्या पेट्या वाशीला न्यायचं काम मिळालं तर ठीक, नाहीतर ट्रक दारात उभा करून त्यावर कोंबड्या बसवायच्या. काका म्हणाले, आधी काही दिवस बागेतला माल घरापर्यंत आणून टाका, मग बघू. म्हणजे चक्क परीक्षा!

पाडव्याला ट्रकाची पूजा केली आणि दुसऱ्या दिवशी निघालो. वाटेत डिझेल भरायला थांबलो. या जुन्या गाड्यांना इंजिन बंद करायला एक दांडी ओढावी लागते. ती ओढली की डिझेल तुटतं आणि इंजिन गप्प होतं. मी दांडी ओढली, खाली उतरलो, दार लावलं, तरी ट्रक आपला घडघडतोय! पंपावरचा माणूस नळी हातात धरून एकदा ट्रककडे बघतो, एकदा माझ्याकडे. शेवटी मोठा आचका देऊन इंजिन थांबलं.

आता हे काकांच्या अंगणात झालं तर? गाडी धड बंद करता येत नाही त्याच्या हाती हापूस कोण देईल?

तुम्ही म्हणाल, मेकॅनिककडे जायचं. अहो, कुठल्या तोंडाने जाणार? मी तर गावचा इंजिनतज्ज्ञ! मोबाइलवर व्हिडिओ बघितले, डिझेलचा फिल्टर बदलला, हवा काढली, एअर फिल्टर झटकला. दांडी ओढली की ट्रक पुन्हा तसाच घडघडायचा. मग मी सोपा मार्ग काढला. काकांसमोर इंजिन बंदच करायचं नाही.

पहिल्या खेपेला काका पडवीत आले. "जावयबापू, उतरा. काकीन् गरम च्या टाकलाय."

"नको काका, दुसरी खेप मारतो."

गड्यांनी माल उतरवला की मी निघालोच. दुसऱ्या दिवशी काकीने घावणे केले होते. काय वास सुटला होता म्हणून सांगू! मी खिडकीतून हात हलवला आणि गिअर टाकला. रोज तेच. शेवटी काकीचा हिला फोन आला. आमच्या हातचं खायचं नाही असं काही ठरवलंय का जावयबापूंनी?

ही माझ्यावर अशी उखडली की मला सगळं ओकावं लागलं. ऐकून ती पदर खोचून ट्रकपाशी आली. मी चालू करून देतो, तू चढ आणि दांडी ओढ, मी खाली काय हलतं ते बघतो, असं ठरलं. तिने दांडी ओढली. इंजिनातल्या डिझेल पंपाच्या बाजूचा लहानसा खटका अर्धा सरकला आणि अडकला. बघतो तर त्याला काळा दोरा! खटका शेजारच्या पाइपाला करकचून बांधलेला!

ही खाली उतरली, वाकली, आणि शांतपणे म्हणाली, "ही गाठ तुमचीच."

माझीच होती हो! पाडव्याच्या पूजेला, दृष्ट लागू नये म्हणून. जग गाडीच्या पुढे बाहेर बांधतं. मी विचार केला, खरा जीव इंजिनात, तर दोरा आतच हवा. आणि तो खटका मला दोरा अडकवायला फार सोयीचा वाटला! हिने कात्री आणली, दोरा कापला. दांडी ओढताच इंजिन टप्प करून बंद. मी अंगणात नाचायचाच बाकी होतो.

दुसऱ्या दिवशी पावसला ऐटीत गेलो. इंजिन बंद केलं, दार उघडलं, एक पाय पायरीवर ठेवला. आज घावणे सोडणार नव्हतो. पडवीत काका माझ्याकडे पाठ करून शेजारच्या बागायतदारांना सांगत होते, "बाकीचे डायवर आंब्याखाली ताणून देतात. आमचा जावय बघा, च्याला उतरत नाय की इंजिन बंद करीत नाय. आपला सगळा माल हाच नेणार."

काय करणार? पायरीवरचा पाय हळूच वर घेतला, दार लावलं आणि इंजिन चालू केलं.

काम मिळालं, माल वाशीला जातोय, ट्रक आता दांडीला बोट लावताच बंद होतो. पण बंद करायची सोय राहिली नाही. परवा काकी ताट घेऊन माझ्या खिडकीकडे यायला निघाली, तर काकांनी तिला थांबवलं. "त्यांना नको विचारूस गो, उगाच त्यांच्या कामाची खोटी होते."

मीही मान डोलावली आणि गिअर टाकला.