आरशातून बाजूला

आमचे दाजी माणसाशी तोंडासमोर बोलत नाहीत, आरशातून बोलतात. लोकांचे केस कापण्यात जन्म गेला, सवयच तशी. खुर्चीमागे उभं राहायचं, कात्री चालवायची आणि समोरच्या आरशात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघून विचारायचं, बाजू अजून बारीक करू का? गिऱ्हाइकाचं 'हो' मनापासूनचं की उगाच, ते त्यांना तिथेच कळतं. घरी समोर आरसा नसतो, मग पंचाईत होते. मी पडले मेहुणी, चिडवायचा हक्क माझा. मी त्यांना सांगायचे, ताईशी भांडायचं असेल तर आधी तिला कपाटाच्या आरशापुढे उभी करा.

ताई पडली आणि ही चेष्टा बंद झाली. न्हाणीघरात पाय घसरला, खुबा मोडला. ऑपरेशन झालं, हाड जुळलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता या चालल्या नाहीत तर पाय आखडतील आणि मग कायमचं अंथरूण. पण ताईने धसकाच घेतला होता. वॉकर पलंगाशी उभा आणि ही बाई भिंतीकडे तोंड करून पडलेली. आम्ही गोडीत सांगितलं, रागावून सांगितलं, मी तर रडलेसुद्धा. ढिम्म हलली नाही.

तिचा जीव एका हिरोवर. त्याचं नाव मी घेणार नाही, फुकटची जाहिरात कशाला? एके काळी दाजींच्या दुकानात पोरं त्याचा फोटो घेऊन यायची, अस्सेच कापा म्हणायची. आता कुणी त्याचा विषयही काढत नाही. मुलाखतीला बसला की मी, माझं, मला. पिक्चर पडला की म्हणे प्रेक्षकांना अक्कल नाही. अहो, लोक तरी किती दिवस ऐकून घेणार? थेटरं ओस पडली. ताईचा विश्वास मात्र होता तिथेच. आम्ही काही बोललो की म्हणायची, जळता तुम्ही त्याच्यावर.

आणि हाच गडी आमच्या भागात शूटिंगला आला. त्याच्या केस कापणाऱ्याशी त्याचं वाजलं, तो माणूस तडक निघून गेला, आणि दाजींना बोलावणं आलं. दाजींनी ठरवलं, पैसे नकोतच, त्याने फक्त मोबाइलच्या व्हिडिओत दोन शब्द बोलावेत. ताई, उठा, चाला. त्याचं ती नक्की ऐकेल. मला काही ते पटलं नव्हतं, पण दुसरा उपाय तरी कुठे होता? मोबाइल धरायला म्हणून मीही गेले.

त्याच्या मेकअपच्या गाडीत जिकडेतिकडे आरसे. दाजी सवयीने खुर्चीमागे उभे राहिले आणि आरशातून त्याच्याकडे बघून हसले. तो सेक्रेटरीला म्हणाला, "याला आरशातून बाजूला कर."

साहेब स्वतःला बघत असताना आरशात दुसरं कुणी चालत नाही, असं सेक्रेटरीने आम्हाला समजावलं. झालं! दाजी गुडघ्यांत वाकले आणि तसेच वाकून कापत राहिले. जरा डोकं वर आलं की सेक्रेटरी खांद्यावर हात ठेवून खाली दाबायचा. साठी उलटलेला माणूस हो! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण दाजींनी मान हलवून मला गप्प केलं. त्यांना ताईला उठवायचं होतं.

काम झाल्यावर त्यांनी विनंती केली. मोबाइल म्हटल्यावर स्वारी एकदम खूश. बोलला, स्वतःला बघितलं, हनुवटी आवडली नाही. परत. मग उजेड आवडला नाही. परत. एकदा तर 'ताई'च्या जागी 'दादा' म्हणाला. दाजी बिचारे केस झटकायला मागेच होते, तेवढ्यात त्यांचं डोकं वर आलं आणि सेक्रेटरीने चालू मोबाइलसमोरच त्यांना दाबलं. नेमका त्याच वेळचा स्वतःचा चेहरा साहेबांना आवडला, आणि तेच पक्कं झालं. त्यात तो कसा पडला, तो कसा उठला, त्याचा पिक्चर कधी येतोय, सगळं होतं. उठा, चाला, एवढं मात्र राहून गेलं.

परत येताना दाजी म्हणाले, नको दाखवायला. पण ताई वाटच बघत होती. तिने मोबाइल हातात घेतला, आणि किती दिवसांनी हसली. मग हसू थांबलं. तिने पुन्हा लावलं, अगदी डोळ्यांजवळ धरून.

"मागे कुणाला दाबलं गं? हे आपले ना?"

मी हो म्हटलं. आणि मग सगळं सांगितलं, एक अक्षर गाळलं नाही. दाजी आपले म्हणत होते, जाऊ दे, मोठी माणसं आहेत ती.

ताईने मोबाइल पलंगावर टाकला. दाजी कोपऱ्यात बसून गुडघे चोळत होते, त्यांच्याकडे बघत राहिली. मग मलम कुठे आहे, असं मला विचारलं. मी म्हटलं, आणते. तर म्हणाली, तुला सापडायचं नाही. आणि तिने पाय खाली सोडले. वॉकर धरला. ओठ दाबून धरले होते, पण उभी राहिली. दाजी धडपडत तिला धरायला उठले.

"तुम्ही बसा," ती म्हणाली. "पुष्कळ वाकलात आज."