गाडी चार इंच वर

आमची पिकअप मुळात काजूच्या बागेसाठी घेतलेली. फोर बाय फोर, जुनी पण इंजिनाने दमदार. मी पेडण्याला हिशेबाच्या नोकरीत, त्यामुळे आठवडाभर गाडी दारात उभी असायची. ती उभी राहू नये म्हणून बायको चालवायला शिकली. पाच फुटांना जराशी कमी उंची, चाळिशी उलटलेली, आणि पहिली गाडी तीच. कापणी झालेल्या शेतात ती शिकली, मग म्हापशापर्यंत जाऊ लागली, आणि एक दिवस मला न सांगता सर्वणला माहेरी जाऊन आली.

तिथे तिची आई एकटी राहायची. घरामागे थोडी पोफळी, केळी, आठदहा माड. बायको आठवड्याच्या मध्ये कधीतरी सकाळी निघायची आणि दिवेलागणीला परतायची. मागच्या हौद्यात नारळ, केळीचे घड, कधी फणस. दोघी दिवसभर काय करायच्या ते मला माहीत नाही. परत आली की तिचा चेहरा वेगळा असायचा, एवढं मला दिसायचं.

अडचण एकच होती. आईच्या घराकडे वळताना एक लहानसा व्हाळ, म्हणजे ओढा, ओलांडावा लागतो. पाणी बारमाही नाही, पण उतार खडा. गाडी खाली उतरली की पुढचा बंपर दगडाला घासायचा. तो आवाज मला सहन होत नसे. एका रविवारी मी वाकलेला बंपर बघितला आणि गाडीचं काहीतरी करायचं ठरवलं.

डिचोलीला एक गॅरेजवाला आहे, मूळचा सावंतवाडीकडचा. त्याने टेप लावून चारी चाकांवरची उंची मोजली. रिकामी असताना गाडी मागून दोन इंच उंच, पुढून खाली.

"काका, नुसता नाक वर करूचा काय अख्खी गाडी?" त्याने विचारलं.

नुसतं नाक वर करणं म्हणजे लेव्हलिंग. पुढच्या स्प्रिंगवर एक जाड चकती घालायची, की पुढचा भाग मागच्याच्या बरोबरीला येतो. अख्खी गाडी वर म्हणजे लिफ्ट. पुढे चकत्या, मागे स्प्रिंगच्या पाट्यांखाली ठोकळे, लांब शॉकअॅब्सॉर्बर, मोठे टायर.

"नाक वर केलास तर रिकामी गाडी बरी दिसतली," तो म्हणाला. "मागे माल भरलो काय ती आकाशात बघतली. समोरच्याच्या डोळ्यांत लाइट मारीत जातली."

मी घरी येऊन मोजमाप केलं. हौद्यात नारळाची पोती टाकून मागची बाजू किती दबते ते टेपने बघितलं. दोन इंचांहून जास्त दबत होती. म्हणजे लेव्हल केलेली गाडी सर्वणहून परतताना लेव्हल राहणारच नव्हती. मला ते पटेना. जी गोष्ट अर्ध्या वाटेवरच खरी, ती कशाला करायची?

बायको अंगणात सुपाऱ्या वाळत घालत होती. माझी टेप बघून म्हणाली, "गाडी कित्याक उचलतास? व्हाळात चार चिरे टाका आणि रस्तोच उचला."

मी हसलो. चिरे पावसात वाहून जातील, असं मी तिला समजावून सांगितलं. ती पुन्हा सुपाऱ्या पसरू लागली. गाडी जास्त तीच चालवत होती, पण मला हवं ते उत्तर टेपने दिलं होतं, म्हणून मी तिला आणखी काही विचारलं नाही.

लिफ्ट केली. तीन इंच स्प्रिंगांचे, एक इंच टायरचा. कागदोपत्री जे करायचं ते केलं. चढायला त्रास नको म्हणून दारांखाली पायरी बसवून घेतली. पहिल्यांदा चढताना बायको म्हणाली, "इमानात चडतंय जसा!" आणि दोघंही हसलो.

पुढच्या रविवारी आम्ही सर्वणला गेलो. ती चालवत होती, मी डावीकडे. व्हाळ आला, गाडी उतरली, चढली, बंपरचा आवाज नाही. मी खूश होऊन तिच्याकडे बघितलं. ती पुढे बघत होती.

गाडीचा आवाज ऐकला की तिची आई गल्लीत यायची. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंनी चिऱ्यांची कुंपणं, म्हणून म्हातारी समोर उभी राहून हाताने वाट दाखवायची. "ये गो, ये, अजून जागा आसा." कमरेत वाकलेली होती, त्यामुळे आधीच ठेंगणी. त्या दिवशीही ती आली. हात हलवत दोन पावलं आमच्याकडे चालली, आणि दिसेनाशी झाली.

बायकोने करकचून ब्रेक मारला. मी माझ्या बाजूने वाकून बघितलं. बॉनेट सोडून काहीच दिसत नव्हतं. मग पुढून पत्र्यावर थापा पडल्या.

"मी हयच आसंय! खय गेलंय?"

म्हातारी हसत बाजूला आली. बंपरपासून हातभर अंतरावर उभी होती. काही झालं नव्हतं. बायकोने इंजिन बंद केलं, किल्ली काढून माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "तुमी चलवा."

मी तिला समजावलं. सवयीचा प्रश्न आहे म्हणालो. पुढे कॅमेरा बसवू, आत पडद्यावर सगळं दिसेल.

"आयेक काय कॅमेऱ्यात बघू मी?" ती म्हणाली, आणि तो विषय संपला.

त्यानंतर मी चालवू लागलो. मला वेळ फक्त रविवारी, आणि महिनाअखेर असली की तोही नाही. दोनदा ती बसने गेली. म्हापशाला बस बदलायची, डिचोलीला बदलायची, पुढे चालायचं. निम्मा दिवस वाटेतच जायचा. मग तिने तेही सोडलं. रविवारी आम्ही जायचो तेव्हा मी त्या दोघींच्या मध्ये बसलेला असायचो. चहा व्हायचा, माझी आणि सासूबाईंची तब्येतीची विचारपूस व्हायची, आणि उन्हं कलली की मी घड्याळ बघायचो.

लिफ्ट काढून टाकणं अवघड नव्हतं. गॅरेजवाल्याने एका दिवसात काढून दिली असती. बायकोने मागितलं नाही, आणि मी पुढे ढकलत राहिलो. आधी पाऊस संपू दे, मग काजूचा हंगाम होऊ दे. खरं सांगायचं तर गाडी व्हाळातून आवाज न करता जायची तेव्हा दर वेळी मला वाटायचं की आपला निर्णय बरोबर होता. व्हाळापुरता तो बरोबर होताही.

सासूबाई गेल्या त्या आजारपणाशिवाय, झोपेतच. शेजारणीने फोन केला. तेराव्यापर्यंत आम्ही सर्वणला राहिलो. मग बाहेरगावी राहणाऱ्या मेव्हण्याने घर बंद केलं आणि माड खंडाने दिले. गाडी वर केल्यापासून त्या जाईपर्यंत आठवड्याच्या मधल्या अशा किती फेऱ्या झाल्या असत्या, ते काढता येईल. माझं कामच ते आहे. मी काढलेलं नाही.

गेल्या महिन्यात मी गाडी डिचोलीला नेली आणि ठोकळे, चकत्या काढून घेतल्या. जुन्या मापाचे टायरही घातले. घरी आणून अंगणात उभी केली आणि किल्ली बायकोला दिली.

"पहिल्यासारखी केलीय. बघ तरी."

ती गाडीत बसली. बाजारापर्यंत गेली, एक वळसा घातला आणि परत आली. गाडी नीट, सरळ लावली. उतरून दार लावताना म्हणाली, "बरी चालता." मग म्हणाली, "पण आता माका खय जावचा आसा?"

मी म्हापसा म्हणणार होतो, हरमल म्हणणार होतो. तोपर्यंत ती आत गेली होती.